‘५ हजारांत ५०० बॅकलिंक देतो’ म्हणतात. आमच्या कोकणातल्या होमस्टेच्या साइटसाठी घ्याव्यात का?

नका घेऊ. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक, आणि गूगलच्या लेखी अशी लिंक म्हणजे शिफारस. १९९८ची पेजरँकची, म्हणजे लिंकांवरून पानाचं वजन ठरवायच्या गूगलच्या पद्धतीची, कल्पना तीच होती. पण गावच्या सरपंचाची शिफारस आणि भाड्याने आणलेल्या गर्दीच्या घोषणा यांत फरक असतोच ना! एप्रिल २०१२मध्ये गूगलने शोधाच्या क्रमवारीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल केला तेव्हा विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या कितीतरी साइट धाडकन खाली आल्या. २०१६पासून गूगल अशा लिंका बहुधा मोजतच नाही. म्हणजे पैसे पाण्यात.

त्यापेक्षा साइटवर एक कामाचं पान करा: जवळच्या स्टेशनवरून रिक्षाला किती पडतात, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद होतो, भरतीला कुठल्या किनाऱ्यावर उतरू नये. अशी माहिती धड कुठे मिळत नाही, म्हणून ट्रेकवाले, प्रवासावर लिहिणारे आपणहून लिंक देतात. वेळ लागतो, महिनेही जातात.

कुणी तुमचं नाव लिंकशिवाय छापलं असेल तर सरळ ईमेल करून मागा. बरेच जण देतात. जाहिरातीचे पैसे देऊन लिंक घेतलीच, तर तिच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावायला सांगा, म्हणजे ती पैशाची आहे हे गूगलला कळतं. आणि सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनातला लिंकांचा रिपोर्ट अधूनमधून बघत जा, तो फुकट आहे.