गाठीतला दोष पोरांच्या रक्तात असतो का?

"रिपोर्टात क्रोमोसोमचा दोष लिहिलाय. पोरांनाही होणार का?" नागपुरात मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो.

काटोलकडच्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. ओळखीचे तपशील बदललेत. नवऱ्याला झटके आले, गाठ काढली, रिपोर्टात '१पी/१९क्यू को-डिलीशन', म्हणजे गाठीच्या पेशींत १ आणि १९ नंबरच्या क्रोमोसोमचा (जीन वाहणाऱ्या धाग्यांचा) एकेक हात गहाळ. मुलीची सोयरीक जुळत आलेली. सासूबाईंचं एकच, "आमच्या घराण्यात असं नव्हतं." घाबरून मुलीच्या रक्ताची क्रोमोसोम तपासणी करायचं ठरलं होतं.

"तपासणीला काय पाठवलं होतं, ताई? रक्त?"

"नाही जी. ऑपरेशनमधी काढलं ते. गाठीचा तुकडा मेणात बसवलेला, तो ब्लॉक मीच नेऊन देला."

"मग दोष कशात सापडला?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. "गाठीत... यायच्या रक्तात नाही?"

हे मी सांगितलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन तपासणी केलीच असती. भीती एकट्या माणसाची नसते, घराची असते, असं मी मानते. म्हणून पुढच्या भेटीत सासूबाईंनाही बोलावलं आणि तीन पिढ्यांचा वंशवृक्ष त्यांच्याच हातून काढून घेतला. त्यात कर्करोग कुठेच नव्हता. तपासणी रद्द झाली.

असा दोष बहुतेकदा आयुष्यात कधीतरी मेंदूतल्या एखाद्या पेशीत घडतो आणि तिच्या पिलावळीतच राहतो. ताईंच्या नवऱ्याच्या गाठीत क्रोमोसोम १ चा आखूड आणि १९ चा लांब हात अख्खा गळतो. १९ वरचा सीआयसी जीन वाढीला आवर घालतो. एक प्रत गेली आणि उरलेलीही बिघडली की तो आवर सुटतो. तरी आयडीएच नावाच्या जीनमधल्या बदलासोबत हा को-डिलीशनचा दोष असला, तर गाठ ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा या प्रकारची ठरते आणि रेडिएशन-केमोला चांगला प्रतिसाद देते. याउलट आयडीएच बदल नसताना क्रोमोसोम ७ जादा आणि १० गहाळ असेल, तर २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानुसार मोठ्या माणसातली पसरट अॅस्ट्रोसायटिक (मेंदूतल्या ताराकृती पेशींसारखी) गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसली तरी ग्रेड ४, म्हणजे सर्वांत आक्रमक, धरतात.

को-डिलीशन शोधणारी फिश तपासणी (चमकणाऱ्या खुणा लावून क्रोमोसोम पाहणारी) १ आणि १९ च्या त्या हातांवरचा छोटा भागच पाहते, त्यामुळे तुकडा गळाला तरी अख्खा हात गेल्यासारखं वाटू शकतं. आयडीएच आणि एटीआरएक्स या जीनचे निकाल जोडून वाचले का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

अपवाद आहेत: न्यूरोफायब्रोमॅटोसिस, ली-फ्रॉमेनी हे घराण्यातून येऊ शकणारे आजार. अंगावर कॉफीरंगी डाग किंवा जवळच्या नात्यात तरुणपणी कर्करोग असतील, तर जनुकतज्ज्ञांना भेटा. तेव्हाही लागते ती ठरावीक जीनची तपासणी. साध्या क्रोमोसोम तपासणीत हे सहसा दिसत नाही.