त्र्यंबकहून भीमाशंकरला सायकलने निघण्याआधी

प्रिय सायकलस्वारास,
अनेक आशीर्वाद.

गोदावरी जिथे उगम पावते तिथून भीमा जिथे उगम पावते तिथपर्यंत, डोंगराडोंगराने सायकलवर जायचं तू ठरवलंस, आणि सोबत हवामानबदलाचा संदेशही न्यायचा तुझा विचार आहे. विचार फार चांगला आहे. पण फ्लेक्स, एकसारखे टी-शर्ट आणि मागून टेम्पो हे यादीत असेल तर आधी ते खोड. टेम्पोचं गणित करून बघ. सायकलींच्या मागे खालच्या गिअरमध्ये रांगणारा टेम्पो लिटरला आठ किलोमीटर देईल. अख्ख्या वाटेच्या 270 किलोमीटरला 34 लिटर डिझेल, आणि एका लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे नव्वद किलोच्या वर. तेवढंच अंतर भरलेल्या एसटीने कापलं तर लिटरला साडेचार किलोमीटर धरून माणशी चार किलो होतात, सहा जण असाल तर चोवीस. म्हणजे टेम्पो घेऊन निघालेल्या सहा सायकलींपेक्षा सहा जण एसटीने गेलेले परवडले. आपलं सामान आपल्याच कॅरिअरवर लाद.

रस्ता असा धर. नाशिकहून रामकुंडावर पाया पडून त्र्यंबक, तिथून पहिन्यावरून घोटी. दुसऱ्या दिवशी घोटी, बारी, शेंडी, राजूर. अंतर पन्नासच्या आत आहे, पण कळसूबाईच्या पायथ्याची चढण त्यातच येते, म्हणून जास्त ओढू नकोस. तिसऱ्या दिवशी राजूर, अकोले, कोतूळ, ब्राह्मणवाडा आणि घाट उतरून ओतूर. हा सर्वांत लांब दिवस, सत्तरेक किलोमीटरचा. ओतूरला तुकोबांचे गुरू मानले जाणारे बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, मुक्काम तिथे ठेव. चौथ्या दिवशी जुन्नर, घोडेगाव करत डिंभ्यापर्यंत, आणि पाचव्या दिवशी सकाळच्या गारव्यात भीमाशंकरची चढण. नाशिक-पुणे महामार्गाने दोन दिवस वाचतील, पण मग ना डोंगर दिसेल ना पाणी, आणि ट्रकांच्या वाऱ्यात जीव मुठीत धरावा लागेल.

श्रावणात निघू नकोस. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणारी गर्दी हे एक कारण, आणि घाटातल्या दरडी हे त्याहून मोठं. तू ज्या डिंभ्याच्या परिसरातून जाशील तिथल्या माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी सकाळी मुसळधार पावसात डोंगर कोसळला आणि 151 माणसं गेली. कार्तिकी एकादशीनंतर मार्गशीर्ष संपेपर्यंतचा काळ उत्तम. ओढ्यांना अजून पाणी असतं आणि ऊन सोसतं. एवढंच की याच काळात उसाची तोडणी चालू असते. अकोल्यापासून जुन्नरपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावतात, मागे दिवा नसतो, आणि उसातले बिबटे तर त्या भागात घरोघरी ठाऊक आहेत. म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि तीनच्या पुढे चालवायचं नाही. हा नियम वाकवू नकोस.

आता सायकल. घाटात माणूस हरतो तो बहुधा पायांमुळे नाही, गिअरच्या दातांमुळे. तुझं वजन, सायकल आणि सामान मिळून 87 किलो धर, चढ सात टक्क्यांचा. पुढची लहान चकती 34 दातांची आणि मागची सर्वांत मोठी चकती 28 दातांची असेल, तर मिनिटाला 60 फेरे मारायला तुला ताशी नऊ किलोमीटरने चढावं लागेल आणि त्याला साधारण 165 वॅट ताकद लागेल. नवख्या माणसाला ती तासभर टिकवता येत नाही. मग फेरे 40 वर येतात, गुडघ्यावर जोर येतो आणि तिसऱ्या दिवशी वाटीच्या खाली दुखू लागतं. तेच पुढे 30 आणि मागे 34 असेल तर ताशी पावणेसात किलोमीटरने, 120 वॅटमध्ये त्याच 60 फेऱ्यांनी चढशील. तेव्हा नवी सायकल घेऊ नकोस, पुढची लहान चकती आणि मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, बदल. मात्र डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राचा, हात तेवढी मोठी चकती झेलतो का, ते मिस्त्रीला आधी विचार. साधी बिनगिअरची सायकल असेल तर मागे 18 ऐवजी 22 दातांचं फ्रीव्हील बसव आणि बारीच्या चढाला उतरून ढकल. ढकलल्याने यात्रा कमी होत नाही.

निघण्याच्या तीन आठवडे आधी ओव्हरऑइलिंग करून घे: चाकांच्या आसाचे कोन, वाटी, छर्रे काढून धुऊन नवं ग्रीस. आदल्या दिवशी कधीच नको, कारण नव्याने आवळलेले कोन पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये थोडे बसतात आणि चाक डुगडुगू लागतं. चेन मोजपट्टीने मोज. एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंत बरोबर 12 इंच हवेत. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढलं असेल तर चेन बदल. पूर्ण सूत वाढेपर्यंत थांबलास तर चेन सोबत कॅसेटही खाते आणि खर्च तिप्पट होतो.

टायर 32 किंवा 35 मिलिमीटरचे ठेव, हवा मागे 60 आणि पुढे 50 पीएसआय. कमी हवेत खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर काटा किंवा तार समज. अकोल्याच्या पुढे बाभळीचे काटे भरपूर. काटा आत राहिला तर दहा मिनिटांत नवी ट्यूबही जाते, म्हणून टायरच्या आतून जुनं फडकं फिरव. ते जिथे अडकेल तिथे काटा. पॅच लावताना घाई सगळे करतात. पॉलिशपेपरने घासायचं, सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि पाच मिनिटं हात बांधून बसायचं. थराची चमक गेली की पॅच. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच घाट उतरताना रिम तापली की सुटतो.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नकोस. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग काढ, मग सोडून वळ. धरून ठेवलेल्या ब्रेकने रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते, आणि डिस्क असेल तर पॅड चकाकून पकडेनासे होतात. चेनला तेल देताना थेंब डिस्कवर पडला तरी तीच गत. ओतूरचा घाट उतरण्याआधी माथ्यावर थांबून पॅड बघ, एक मिलिमीटरच्या खाली असतील तर तिथेच बदल. जोडभर नवे पॅड खिशात हवेतच.

सामान आठ किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. पाठीवर सॅक नको, दोन्ही बाजूंना खाली लटकणाऱ्या पिशव्या बऱ्या. कॅरिअरचे बोल्ट खडखडाटाने सुटतात, रोज सकाळी अॅलन कीने चाचपून बघ आणि दोन जादा जवळ ठेव. मागच्या चाकाच्या चेनच्या बाजूचे स्पोक आधी तुटतात, कारण तिकडचा ताण जास्त असतो. त्याच लांबीचे दोन स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांध. दोन ट्यूब, पंप, पॅच, स्पोकचा पान्हा, चेन तोडायचं हत्यार, रिफ्लेक्टर जाकीट, पुढचा-मागचा दिवा, दोन जोड कपडे, एक चादर. बास.

चढावर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. दिवसाला चार लिटर धरलं तर पाच दिवसांत विकतच्या पाण्याच्या वीस बाटल्या होतात, आणि त्या घाटातच कुठेतरी पडतात. तेव्हा पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि दीड लिटरची पिशवी घे. देवळात, शाळेत, हॉटेलात माठातलं पाणी कोणी नाही म्हणत नाही. शंका आली तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांब. एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, त्यात लिंबू. मीठ जास्त झालं तर ओकारी येते, चमचा सपाटच हवा. खायला पाऊण तासाने सुरुवात कर, भुकेची वाट बघू नकोस. केळं, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू. घोटी ते राजूर पट्ट्यात नागलीची भाकरी आणि वरईचा भात मागून घे. कमी पाण्यावर येणारी ही पिकं त्या डोंगरातल्या माणसांनी टिकवली आहेत, पैसे त्यांच्या चुलीपाशी गेले तर बरं. सोमवारचा कडक उपवास चढाच्या दिवशी येत असेल तर दिवस बदल, किंवा शेंगदाणे-साबुदाणा भरपूर खा.

आणि संदेशाचं. शाळेत भाषण करण्यापेक्षा एक वही ठेव. वाटेत गोदावरी, दारणा, प्रवरा, मुळा, कुकडी आणि घोड यांची खोरी लागतात. प्रत्येक पुलावर दोन मिनिटं थांब: तारीख, वेळ, पाणी वाहतं की डबकी की कोरडं, पात्र किती पावलं रुंद. जवळ शेतकरी असेल तर विचार, पूर्वी हा ओढा कधीपर्यंत वाहायचा. पण धरणाखालच्या नोंदी वेगळ्या पानावर ठेव. रामकुंडात दिसतं ते गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी, शेंडीच्या खालची प्रवरा 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या दारांवर चालते. तिथला प्रवाह दार कधी उघडलं ते सांगतो, पाऊस नाही. खरं सांगतात ते पहिन्याचे आणि बारीचे छोटे, बिनधरणाचे ओढे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, त्यामुळे तोच पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडतो, डोंगर तो मुरवून घेऊ शकत नाही आणि ओढे लवकर आटतात. वर्षाची सरासरी तशीच दिसली तरी मार्गशीर्षातलं पाणी कमी झालेलं असू शकतं. दरवर्षी त्याच आठवड्यात त्याच पुलांवर नोंद झाली तर त्या वहीला अर्थ येईल.

ब्राह्मणवाड्याहून ओतूरला जाताना घाटमाथ्यावर मात्र जरा जास्त थांब. ही हरिश्चंद्र-बालाघाटची रांग. मागे पडलेला थेंब गोदावरीला मिळतो, पुढे पडलेला भीमेला. दोन ज्योतिर्लिंगांमधली खरी वेस ती आहे, पण तिथे पाटी नाही.

भीमाशंकर अभयारण्य आहे, शेकरूचं घर. घंटी, गाणी, फटाके काही नको, आणि वेष्टनं पिशवीत परत आण. मंदिर माथ्यावर नाही, पायऱ्या उतरून खाली आहे. चढून आखडलेल्या पायांना त्या पायऱ्या जड जातात, तेव्हा आधी अर्धा तास बस आणि चपला सोबत ठेव. परतीला मंचरहून एसटी धरणार असशील तर सायकल घेतील का, ते आगारात जाऊन आजच विचार.

सरावाला आठ आठवडे पुरतात, आठवड्याचं अंतर दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त वाढवू नकोस. कस लागेल तो नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या दहाएक किलोमीटरच्या घाटात. दोनदा रिकाम्या सायकलने, तिसऱ्यांदा पूर्ण सामान लादून चढ. तिसऱ्या वेळी किती मिनिटं लागली, किती पाणी संपलं आणि गुडघा पुढून दुखला की मागून, एवढं लिहून पाठव. पुढून दुखला तर सीट अर्धा सेंटिमीटर वर घ्यायची, मागून दुखला तर तेवढीच खाली. मागच्या दातांचं त्यावरूनच नक्की करू.

तुझा,
सायकलकाका