पान उभं दुमड

सोलापूर, मे महिना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तेल-कोळसा कंपन्यांनी हवामानशास्त्रात कशी ढवळाढवळ केली यावर लिहायचं म्हणतेस, तर खोटं शोधत बसू नकोस. सापडते ती शंका, आणि तीही बहुधा खऱ्या वाक्यांच्या आडून पेरलेली.

वहीचं पान उभं दुमड. डावीकडे कंपनी आपापसांत काय म्हणाली, उजवीकडे लोकांना काय सांगितलं. दोन्हीकडे तारीख हवीच. एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीचं पान असं भरेल: १९७७ मध्ये कंपनीचेच शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी वरिष्ठांना कार्बन डायऑक्साइडचा धोका समजावला, १९८२ च्या अंतर्गत अहवालात तापमानवाढीचा आलेखच आहे. समोर २००० सालची जाहिरात: विज्ञान अजून पक्कं नाही. ब्लॅकनी अनिश्चितताही सांगितली होती, ती गाळू नकोस. गाळलीस तर समोरचा तेवढ्यावरच तुझं अख्खं पान खोडेल. कंपनीच्या अंदाजांचा ताळा २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यांतले ६३ ते ८३ टक्के अचूक निघाले.

१९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल कंपन्यांच्या संघटनेच्या छत्राखाली झालेला प्रचार-योजनेचा मसुदा मूळातूनच वाच. सामान्य माणसाला विज्ञानातली अनिश्चितता 'समजली' की आपण जिंकलो, असं त्यात सरळ लिहिलंय!

आता आपल्याकडचं. "सोलापूर काय आज तापतंय?" हे पार्क चौकात कुणीही ऐकवेल. खरंच आहे, म्हणून तर पटतं. एका दिवसाच्या पाऱ्याने उत्तर देऊ नकोस. हवामान खात्याची १९९१ ते २०२० ही ३० वर्षांची सरासरी आधीच्या सरासरीशी ताडून बघ, आणि मधे वेधशाळेची जागा बदलली का तेही विचार. आलेखाची रेघ १९९८ पासून सुरू झाली असेल तर सावध हो. ते जबर एल निनोचं (प्रशांत महासागराचं पाणी तापतं तेव्हाचं), फार तापलेलं वर्ष. तिथून पुढे वाढ थांबल्यासारखी दिसते.

सगळ्यात जास्त फसवते ती वीज कंपन्या सांगतात ती 'प्रति युनिट' घट. विजेच्या युनिटमागे कार्बन डायऑक्साइड ५ टक्के घटला आणि वीज २० टक्के वाढली, तर ०.९५ गुणिले १.२०, म्हणजे एकूण १४ टक्के वाढ. आहेरवाडीच्या १३२० मेगावॅटच्या कोळशाच्या वीजकेंद्रावर हात बसव: क्षमतेच्या ६० टक्के भार धर, वर्षाला सुमारे ६९४ कोटी युनिट, युनिटला ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरलंस तर ६२ लाख टन. दोन्ही आकडे गृहीत आहेत, हे लिहायला विसरू नकोस.

पहिलं पान भरलं की पाठव. तारखा नसतील तर तसंच परत येईल.