पूर्ण बाह्यांचा कुर्ता

"पुरळ उठलंय, पण डॉक्टरांना सांगू नका." स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, देणाऱ्या धडधाकट दात्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता पुरळाआधी त्या 'पण'कडे लक्ष जातं.

भावासाठी दाता झालेली बहीण. त्या पेशी हाडांतल्या अस्थिमज्जेतून रक्तात आणणाऱ्या फिल्ग्रास्टिमची तीन इंजेक्शनं झालेली, आणि ऐन उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता.

"खाज येते?"

"थोडी. चालतं मला."

"दाखवलंत तर काय होईल?"

बराच वेळ ती बाहीचं बटण फिरवत बसली. "औषध बंद करतील. त्याची केमो सुरू झालीय, मॅडम. मग त्याचं काय?"

ती पुरळ लपवत नव्हती, भावाला जपत होती. अशा वेळी माहितीची पुडी आधी सोडायची नाही, भीती तोंडून पुरती बाहेर येऊ द्यायची, या मताची मी आहे. तिची भीती खोटीही नव्हती. केमोने त्याची अस्थिमज्जा रिकामी होत होती. पण म्हणूनच लवकर सांगायचं: औषध थांबवावंच लागलं, तर कमरेच्या हाडातून मज्जा काढण्याचा पर्याय डॉक्टर वेळेत पाहू शकतात.

हे पटल्यावर बाकीचं सोपं गेलं. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १० मायक्रोग्रॅम औषध, असं चार-पाच दिवस. एरवी रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ४ ते ११ हजार असणाऱ्या पांढऱ्या पेशी ४० हजारांच्या पुढेही जातात. तो रक्ताचा आजार नव्हे, औषधाचंच काम, आणि औषध थांबलं की त्या उतरतात. टोचल्या जागी लाली-खाज येऊ शकते. सिरिंज फ्रीजमधून अर्धा तास आधी काढावी, रोज जागा बदलावी, पोटावर बेंबीपासून ५ सेंटिमीटर सोडून टोचावं, नंतर चोळू नये. खाजेची गोळी विचारूनच, आणि अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन मनाने अजिबात नको.

तापासोबत दुखरे, उंच, लालभडक चट्टे (क्वचित दिसणारा स्वीट सिंड्रोम), किंवा काच दाबूनही फिके न पडणारे जांभळे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी दाखवा. अंगभर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं, किंवा डाव्या बरगडीखाली वा डाव्या खांद्यात कळ आली, तर क्षणभरही थांबू नका. ती शेवटची कळ त्वचेची नाही, पोटात डावीकडे असणाऱ्या प्लीहेची असू शकते.

तिने बाही वर केली. दंडावर, टोचल्या जागेभोवती, रुपयाएवढी लाली. नर्सने पेनाने कड आखली, शेजारी वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत सरकली होती. पाचव्या दिवशी मशीनवर पेशी गोळा करताना तिने अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घातला होता, आणि रेघ अजून पुसली गेली नव्हती.