‘प्लॅटिनमची खनिजे’ की ‘प्लॅटिनम गटातील खनिजे’?

पुण्यातल्या एका वाचकांची मुलगी भूशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या प्रबंधाचा मराठी सारांश लिहायचे काम त्यांनी अंगावर घेतले आहे. त्यांचे वाक्य असे: ‘सर्पाश्मातील क्रोमाइटमध्ये प्लॅटिनमची खनिजे आढळतात.’ यातला ‘सर्पाश्म’ चालेल का, एवढेच त्यांनी विचारले आहे. मला मात्र त्याहून जास्त खटकतो तो ‘ची’ हा प्रत्यय.

आधी सर्पाश्म, म्हणजे इंग्रजी ‘ऑफियोलाइट’साठी केलेला शब्द. व्युत्पत्तीला धरूनच आहे तो. ग्रीकमध्ये ‘ऑफिस’ म्हणजे साप आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड. ब्रोन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१३ मध्ये ‘ऑफियोलाइट’ हे नाव वापरले ते हिरवट, सापाच्या कातडीसारख्या दिसणाऱ्या सर्पेंटाइनी खडकासाठी. पुढे अर्थ सरकला. भूशास्त्रज्ञांच्या १९७२ च्या पेनरोज परिषदेने तो पक्का केला. तेव्हापासून ऑफियोलाइट म्हणजे ठरावीक क्रमाने लागणारा खडकांचा अख्खा संच. तळाला प्रावरणातला पेरिडोटाइट, त्यावर गॅब्रो, मग भेगांत शिलारस गोठून झालेल्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या भित्ती आणि माथ्यावर उशांच्या आकाराचा लाव्हा. जमिनीवर चढून बसलेला सागरतळच तो. ‘सर्पाश्म’ वाचल्यावर डोळ्यांपुढे एकच दगड येतो, म्हणून सरळ ‘ऑफियोलाइट’ लिहावे. वेताळ टेकडीपासून सिंहगडापर्यंत आपल्याकडे सगळा बेसॉल्ट. ऑफियोलाइट बघायचा तर लडाख, नागालँड-मणिपूर नाहीतर अंदमान गाठावे लागते. मराठीत त्याला घरचा शब्द नाही, यात नवल नाही.

‘क्रोमाइट’च्या जागी इथे ‘क्रोमिटाइट’ हवे. क्रोमाइट हे लोह आणि क्रोमियमचे ऑक्साइड खनिज. कणकवलीकडे सापडते तेच. ते खच्चून भरलेला खडक तो क्रोमिटाइट. ऑफियोलाइटमध्ये त्याचे साठे तुटक, भिंगाच्या आकाराचे असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डसारखे दूरवर पसरलेले थर तिथे मिळत नाहीत.

आता ‘ची’. प्लॅटिनम गटात सहा मूलद्रव्ये आहेत: रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम, ऑस्मियम, इरिडियम आणि खुद्द प्लॅटिनम. ‘प्लॅटिनमची खनिजे’ म्हटले की वाचक त्यांत प्लॅटिनम शोधणार. ऑफियोलाइटच्या क्रोमिटाइटमध्ये नेमके उलटे असते. तिथे बहुधा राज्य असते ते ऑस्मियम, इरिडियम आणि रुथेनियम या त्रिकुटाचे. नेहमी भेटणारे खनिज म्हणजे लॉराइट, अर्थात रुथेनियमचे सल्फाइड. बोर्निओतल्या नमुन्यांवरून जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यांनी १८६६ मध्ये त्याची नोंद केली आणि लॉरा जॉय या बाईंवरून त्याला नाव दिले. त्याच्या जोडीला ऑस्मियम-इरिडियमचे नैसर्गिक मिश्रधातू असतात. दगडाचा तुकडा घासून आरशासारखा केला आणि परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की क्रोमाइटच्या मंद करड्या स्फटिकात हे कण लखलखीत ठिपक्यांसारखे उठून दिसतात. आकार बहुतेकदा मिलिमीटरच्या काही शतांशांपेक्षाही कमी. क्रोमाइट गोठत असतानाच ते तयार होऊन आत अडकतात, असे सर्वसाधारणपणे मानतात. प्लॅटिनम आणि पॅलेडियम शिलारसात मागे रेंगाळतात आणि पुढे गंधकयुक्त द्रव वेगळा झाला की त्यात जातात.

याउलट स्पेरिलाइटला ‘प्लॅटिनमचे खनिज’ बेधडक म्हणा, कारण ते प्लॅटिनमचे आर्सेनाइड आहे. (लक्ष्मी रोडवर ‘९५०’ शिक्क्याची अंगठी घ्याल तीत हजारात ९५० भाग प्लॅटिनम, उरलेल्या पन्नासात पुष्कळदा रुथेनियम असते. तिथे ‘प्लॅटिनमची अंगठी’ म्हणायला माझी हरकत नाही.)

‘प्लॅटिनम-समूह खनिजे’ असेही छापलेले दिसते. चूक नाही, पण ‘गट’ सुटसुटीत आहे आणि मूलद्रव्यांच्या बाबतीत शाळेपासून कानावरचा आहे. ‘गटाची’ म्हणण्यापेक्षा ‘गटातील’ बरे, म्हणजे सहांपैकी कोणतेही असू शकते हे आपोआप कळते.

तेव्हा वाक्य असे करा: ‘ऑफियोलाइटमधील क्रोमिटाइटमध्ये प्लॅटिनम गटातील खनिजे, मुख्यतः लॉराइट, आढळतात.’ मात्र ‘मुख्यतः लॉराइट’ ठेवण्यापूर्वी मुलीला तिच्या नमुन्यांत काय निघाले ते विचारून घ्या. काही ऑफियोलाइटांत प्लॅटिनम-पॅलेडियमही चांगले भरते, आणि मग तेवढा तुकडा बदलावा लागेल.