आई-बाबांना हिमालयात नेताय? आधी हे वाचा

एप्रिल उजाडला की दवाखान्यात तोच घोळ सुरू होतो. आई-बाबांना केदारनाथला किंवा एखाद्या ट्रेकला न्यायचं ठरलेलं असतं, तिकिटं निघालेली असतात, आणि निघायला चार दिवस उरले की फोन येतो, "डॉक्टर, चालेल ना?" हे तिकिटं काढण्याआधी विचारायचं असतं. असो. आलेल्या प्रश्नांपैकी नेहमीचे काही इथे घेतो.

बाबा ६८ वर्षांचे. दर रविवारी सिंहगड चढतात, तेही माझ्या पुढे. उत्तराखंडातल्या हर की दूनच्या ट्रेकला नेऊ का?

सिंहगड चढतात म्हणजे पाय दणकट आहेत, एवढंच कळलं. सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या आसपास, हर की दून साडेतीन हजारांच्या घरात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे दर श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. एवढा कमी ऑक्सिजन कोणाला सोसेल, हे सिंहगडावर कळत नाही. वयाची मात्र उगाच धास्ती घेऊ नका. उंचीचा त्रास पंचविशीतल्या पोरांनाही तितकाच होतो. साठीनंतर काळजी असते ती हृदयाची. बसल्या जागी काढलेला ईसीजी चांगला आला, म्हणून रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं होत नाही. स्ट्रेस टेस्ट करायची की टूडी इको, हे बाबांना तपासणारे फिजिशियन ठरवतील. दीड-दोन महिने आधी जा, म्हणजे काही निघालं तर उपचाराला वेळ मिळेल.

कापराची पुरचुंडी हुंगत राहिलं की विरळ हवेचा त्रास होत नाही, असं सगळेच सांगतात.

नाकाला गार वाटतं. रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही.

ऑनलाइन मिळणारे ऑक्सिजनचे छोटे कॅन किती न्यावेत?

डब्यावरचा आकडा वाचा. दहा लिटरचा कॅन मिनिटाला दोन लिटरने सोडला तर पाच मिनिटांत संपतो. पुढे काय? जाहिरातीतल्या आजी मास्क लावून हसतात, पण त्यांना खाली उतरवायला किती तास लागतील हे जाहिरात सांगत नाही. ते पैसे एका जादा मुक्कामावर खर्च करा.

आई ७२ वर्षांची, मधुमेह आहे. केदारनाथला हेलिकॉप्टरने नेतोय, म्हणजे दगदग नाही. मग धोकाही नाही ना?

दगदग नाही हे खरं. पण सुमारे दीड हजार मीटरवरून काही मिनिटांत साडेतीन हजारांवर नेलं, की शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. दर्शन घेऊन दोन-चार तासांत परतलात तर बहुतेकदा निभावतं. पण ढग आले आणि परतीचं उड्डाण रद्द झालं, की मुक्काम वरच, थंडीत. 'ज्येष्ठांसाठी सुरक्षित पॅकेज' विकणारे हे बोलत नाहीत. गरम कपडे आणि दोन दिवसांची औषधं आईच्या सोबत हवीतच. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, तेव्हा जाण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना भेटा. आणि इन्सुलिन बॅगेत नको, अंगावरच्या कपड्यांच्या आत ठेवा. ते गोठलं तर फेकून द्यायचं.

वडील ७१ वर्षांचे आहेत. अमरनाथसाठी काही जुगाड?

नाही. सत्तरीपुढे परवानगी नाही.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, सगळ्यांनी घ्यावी का?

मेडिकलवाल्याला विचारून तर मुळीच नाही. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, आधीपासून चालू असलेली लघवीची गोळी, हे सगळं बघावं लागतं. डोस इथे लिहीत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

गेल्या वर्षी ट्रेकवर दुसऱ्या रात्री वडिलांचं डोकं दुखायला लागलं, जेवले नाहीत. गाइड म्हणाला, सकाळपर्यंत बघू. सकाळी बरे होते. मग बरोबरच झालं ना?

नाही. नशीब बरं होतं.

उंचीवर डोकं दुखलं, त्यात मळमळ, अन्नावरची वासना उडालेली, तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास धरायचा. आपले वडील 'काही नाही रे, ॲसिडिटी आहे' म्हणणार, कारण मुलाची रजा आणि पैसे वाया जाऊ नयेत. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका, त्यांच्याकडे बघा. बुटाची नाडी बांधायला पाच मिनिटं लागतायत का? टोपी उलटी घातलीय आणि ध्यानातच नाही, असं होतंय का? तंबूबाहेर सरळ रेषेत, टाचेला चवडा लावून दहा पावलं चालवा. तोल जात असेल तर मेंदूला सूज येतेय असं समजा. नुसतं बसूनही धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, तर फुप्फुसात पाणी भरत असेल. दोन्हींत सकाळची वाट बघायची नसते. टॉर्च घेऊन, रात्री, तेव्हाच उतरायला लागा. निदान तीनशे मीटर, जमलं तर हजार. सोबत माणूस हवाच आणि शक्य तितकं उचलून न्या, कारण श्रमाने त्रास वाढतो. ऑक्सिजन, औषधं असतील तर द्या, पण ती देत बसून उतरणं लांबवू नका. नुसती डोकेदुखी असेल तर त्याच उंचीवर थांबा. डोकं दुखायचं पूर्ण थांबल्याशिवाय पुढचा पडाव गाठायचा नाही.

तीन हजारांच्या वर झोपण्याची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा साधा नियम आहे. बुकिंगआधी कंपनीचा कार्यक्रम या नियमावर ताडून बघा. बसत नसेल तर दुसरी कंपनी शोधा. आणि वडिलांना पुन्हा न्यायचं असेल, तर गेल्या वर्षीचं हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा. एकदा त्रास झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते.

वर थंडी असते, मग बीपीच्या गोळ्या तेवढे दिवस बंद ठेवल्या तर?

का? उंचीवर बीपी बहुधा वाढतं. एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. बदल करायचा असेल तर डॉक्टर करतील. आणि सगळ्या गोळ्या एकाच सॅकमध्ये भरू नका, निम्म्या दुसऱ्याच्या सॅकमध्ये द्या. सॅक खेचरावरून पुढे निघून जाते आणि बाबा मागे राहतात.