केनियाची सफारी बेतताना: वाचकांचे प्रश्न

पूर्व आफ्रिकेच्या सफारीबद्दल आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न. नावं गाळली आहेत, सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आई-वडील सत्तरीचे, मुलगी दहा वर्षांची. आठ रात्रींत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा आणि सेरेंगेटी असा कार्यक्रम एका कंपनीने 'खास तुमच्यासाठी' म्हणून पाठवलाय. घ्यावा का? (पुणे)

नको. हा कार्यक्रम सगळ्यांनाच जातो, फक्त वरचं नाव बदलतं. नकाशावर केनियातलं मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी एकमेकांना खेटून आहेत, प्राणी हवे तेव्हा इकडून तिकडे जातात, म्हणून आपल्यालाही जाता येईल असं वाटतं. पर्यटकांना तिथून सीमा ओलांडता येत नाही. इसेबानियाच्या सीमानाक्यावरून वळसा घालावा लागतो आणि त्यात अख्खा दिवस जातो. शिवाय टांझानियाचा व्हिसा वेगळा काढायचा. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून जो एकत्र व्हिसा मिळतो, त्यात टांझानिया नाही.

तुमच्या जागी मी दोनच जंगलं ठेवेन. नैरोबीत एक रात्र, अंबोसेलीत तीन आणि मारात चार. अंबोसेलीत हत्तींचे मोठे कळप दिसतात आणि ढगांनी कृपा केली तर त्यांच्या मागे ५,८९५ मीटरचा किलिमांजारो. तो बघायचा तर पहाटे उठा, दिवस वर आला की बहुतेक वेळा ढगात जातो. मारासाठी नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान घ्या. रस्त्याने पाच-सहा तास लागतात आणि शेवटचा टप्पा सत्तरीतल्या पाठींसाठी नाही. विमानात माणशी साधारण १५ किलो सामान चालतं, तेही मऊ पिशवीत. चाकांच्या कडक बॅगा नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जा.

पैसे वाचवायचे तर तंबूच्या थाटात वाचवा, गाडीत नको. स्वतंत्र गाडी असेल तर वडील कंटाळले की परत फिरता येतं आणि मुलीला सिंह सोडून शेणाचा गोळा ढकलणारा किडा बघायचा असेल तर तिच्यासाठी वीस मिनिटं थांबताही येतं. सामायिक गाडीत बाकीचे पाचजण तोंडं वाकडी करतात.

नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (हरणांच्या नात्यातले, कळपाने स्थलांतर करणारे मोठे प्राणी) बघायचेत. मे महिन्याच्या सुट्टीत जमेल की दिवाळीत? (नाशिक, ठाणे)

मेमध्ये नाही. कळप माराच्या बाजूला साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर संधी आहे, नोव्हेंबरमध्ये आली तर ते बहुधा दक्षिणेकडे निघालेले असतात. आणि 'क्रॉसिंग नक्की दाखवू' असं जो सांगेल, त्याला आगाऊ पैसे देऊ नका. कळप काठावर येतो, धूळ उडते, पुढचा प्राणी पाण्याला तोंड लावतो आणि तीन तासांनी सगळे माघारी फिरतात.

मार्च ते मे मोठा पाऊस असतो. पण महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा जूनचा पहिला आठवडा धरा. पाऊस ओसरलेला, गर्दी नाही. शुल्कही निम्मं: माराच्या राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. चौघा मोठ्यांच्या चार दिवसांचा हिशेब करून बघा.

मसाई या गुरं पाळणाऱ्या लोकांच्या गावाची भेट म्हणजे पर्यटकांसाठी मांडलेला देखावा असतो असं ऐकलं. जावं की जाऊ नये? (कोल्हापूर, डोंबिवली)

देखावा असतोच. दारात नाच होतो, उंच उड्या मारतात, काठीवर काठी घासून विस्तव पाडतात, मग घर दाखवतात आणि शेवटी मण्यांचा बाजार. तेवढ्याने ती भेट खोटी ठरत नाही. ते लोक तिथेच राहतात आणि पाहुण्यांपुढे नाचणं हे त्यांचं त्या दिवसाचं काम असतं. माझी हरकत दोन गोष्टींना आहे: पैसे कुणाच्या हातात पडतात आणि तुम्ही तिथे किती वेळ असता.

अनेक ठिकाणी प्रवेशाचे पैसे चालकाच्या हातून जातात आणि त्यातला मोठा वाटा गावापर्यंत पोचतच नाही. म्हणून निघण्याआधीच कंपनीला लेखी विचारा की माणशी किती, ते कोण घेतं, गावात कसे वाटले जातात आणि चालकाला त्यात काय मिळतं. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्यामार्फत गावात जाऊ नका. मणी विकायला बसलेल्या बायकांकडूनच घ्या. थोडी घासाघीस त्यांना अपेक्षित असते, पण हाताने ओवलेल्या माळेसाठी शंभर रुपयांवरून हमरीतुमरीवर येऊ नका.

वेळेचं म्हणाल तर पाऊण तासात कुणाचंच काही कळत नाही. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ मागून घ्या, गुरं सुटताना किंवा परतताना. घर बायकांनी बांधलेलं असतं, काटक्या, माती आणि शेणाचं. आत वाकून शिरावं लागतं, वाट लगेच वळते आणि क्षणभर काहीच दिसत नाही. मग तळहाताएवढ्या झरोक्यातला उजेड, मधोमध चूल, एका बाजूला वासरांची जागा. धुराने डोळे चुरचुरतात. दूध ठेवायचा वाळका भोपळा जंगली ऑलिव्हच्या जळत्या काटकीने आतून शेकून घेतात, त्यामुळे दुधालाही त्या धुराचा वास येतो. शेणामातीचं घर ज्यांनी गावाकडे पाहिलंय, त्यांना तिथल्या बाईला विचारायला पुष्कळ काही सुचेल: शेण कोणतं घेता, पावसात गळतं का, डागडुजी कोण करतं. 'तुम्ही सिंह मारता का?' यापेक्षा हे प्रश्न बरे. दुभाषा म्हणून गावातलीच एखादी शिकलेली मुलगी मिळते का ते विचारा. पुरुष वाटाड्या असला की बायका बोलत नाहीत, तोच त्यांच्या वतीने बोलतो.

फोटो आधी विचारून. लहान मुलं डोकं पुढे करतील, हलकेच हात ठेवा. मोठ्यांना अभिवादन करण्याची ती त्यांची रीत आहे.

आणि मसाई लोकांपर्यंत पैसा पोचवायचा सर्वांत सरळ रस्ता गावभेटीचा नाहीच. माराच्या भोवती नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ अशी संवर्धन क्षेत्रं आहेत. तिथली जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे आणि कॅम्पवाले त्यांना भाडं देतात. तिथला कॅम्प महाग वाटतो, पण गाड्या मोजक्या असतात आणि राखीव क्षेत्रात न मिळणारी रात्रीची फेरी, पायी भटकंती तिथे मिळते. माराच्या चारपैकी दोन रात्री तरी तिथे काढा.

मुलांसाठी वह्या, पेन, चॉकलेटं नेतोय. शाळेत वाटता येतील ना? (सातारा)

रस्त्यावर आणि वर्गात वाटू नका. गाडी दिसली की मुलं शाळा सोडून हात पसरत धावतात, ही सवय आपणच लावलेली आहे. द्यायचंच असेल तर काय हवंय ते मुख्याध्यापकांना आधी विचारा आणि ते तिथल्याच बाजारातून घ्या. अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात असेल तर काढून टाका. आपल्या मुलांच्या वर्गात रोज नवे अनोळखी लोक कॅमेरे घेऊन आले, तर आपण चालवून घेऊ का?

टांझानियात हाड्झाबे लोकांबरोबर शिकारीला जाता येतं म्हणे. (मुंबई)

एयासी सरोवराजवळ हे होतं. हाड्झाबे लोक हजार-दीड हजारच्या आसपास उरलेत, अजून काही कुटुंबं शिकार, मध आणि कंदमुळांवर जगतात. पर्यटकांच्या पैशाबरोबर तिथे दारूही पोचली आहे आणि रस्त्याजवळच्या वस्त्यांना त्याची झळ जास्त बसली आहे. मी सहसा सुचवत नाही. जायचंच असेल तर स्थानिक समाजाशी ठरवूनच जा आणि बायकांबरोबर कंद खणायला जाण्याची विनंती करा. एखाद्या कुटुंबाचं बरंचसं पोट त्या खणण्यावर चालतं, पण पर्यटकांना मात्र धनुष्यबाणच हवा असतो.

चालकाला जादा पैसे दिले तर तो चित्त्याच्या अगदी जवळ नेईल का? (छत्रपती संभाजीनगर)

नेईल, म्हणूनच देऊ नका. चित्ता दिवसा शिकार करतो आणि गाड्यांचा गराडा पडला की सावज सावध होतं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या माराच्या अभ्यासात, जास्त पर्यटक असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची एका विणीतली सरासरी ०.२ पिल्लं मोठी होत होती, तर कमी पर्यटक असलेल्या भागात २.३. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, असा नियम मारात आहे. पाच आधीच उभ्या असतील तर लांब थांबायला सांगा. चालकाला बक्षिशी शेवटच्या दिवशी द्या, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की चित्ता दिसला नाही तरी ती कमी होणार नाही.

यलो फीव्हरची लस खरंच लागते का? आणि शाकाहारी जेवणाचं काय? (अनेकजण)

लागते. केनियातून परतताना प्रमाणपत्र नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांना तिचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून पुण्याच्या वाचकांनी तिकिटं काढायच्या आधी आई-वडिलांना डॉक्टरांकडे न्यावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या.

जेवणाची काळजी करू नका. रेल्वे बांधायला गेलेल्या भारतीय मजुरांच्या काळापासून चपाती आणि समोसा केनियाचेच झालेत, लॉजमध्ये डाळ-भातही मिळतो. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा, कारण दूरच्या कॅम्पवर भाजीही विमानाने किंवा ट्रकने येते. चिवडा, चकली खुशाल न्या, पण डब्यात. केनियात २०१७पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे.